जागा न सोडता

रटर मास्तरांनी कागदाच्या तुकड्यावर वरच्या कोपऱ्यात शब्द लिहिला: स्टेडफास्टली. शाळेतली नोकरी सोडल्यापासून ते एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी वाक्ये टिपून पाठवत. अर्थ लावणे संपादकांचे काम, पण मास्तरांना राहवत नसे. ‘स्टेड’ म्हणजे जागा, त्यांनी बारीक अक्षरात लिहिले. ‘फास्ट’ म्हणजे घट्ट रोवलेले, वेगाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. जागा न सोडता, ठामपणे. एकटक बघण्यालाही हाच शब्द लावतात.

उदाहरणासाठी आज पुस्तक उघडायचे नव्हते. महिन्यापूर्वी फ्रान्सच्या आघाडीवरून मुलाच्या तुकडीच्या कॅप्टनचे पत्र आले होते. त्यांचा एकुलता एक विल्फ्रिड तिथल्या चिखलात मारला गेला होता. ‘शेवटपर्यंत तो आपल्या जागी स्टेडफास्टली उभा राहिला.’ ढग गडगडले की टेबलाखाली शिरणारे हे पोर. मास्तर त्याला भित्रा म्हणत, चारचौघांतही म्हणत. महिनाभर ते या एका वाक्यावर जगत होते.

ते वाक्य उतरवून होते न होते तोच हॅना डॉड्स आली. दिवसभर हेरिंग मासे चिरणारी बाई. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तिचा मुलगा कथबर्ट विल्फ्रिडच्याच तुकडीत होता. गेल्या आठवड्यात तो गेल्याची तार आली होती, आज पत्र आले. तिला वाचता येत नव्हते. पाद्रीबाबा वाचतात कमी आणि रडतात जास्त, म्हणून इकडे आले, असे ती म्हणाली.

अक्षर ओळखीचे होते, त्याच कॅप्टनचे. तिसऱ्या ओळीशी मास्तर थांबले. तेच वाक्य, शब्दाला शब्द.

“काय लिहिलंय, मास्तर?”

त्यांनी वाचून दाखवले.

“स्टेड... म्हणजे काय हो?”

“म्हणजे हलला नाही तो. जागा सोडली नाही.”

 हॅना सांगू लागली, कथबर्ट लहानपणी बापाच्या होडीत जाऊन बसला की चौघांनी ओढला तरी उतरायचा नाही. त्या साहेबाने अगदी बरोबर ओळखले होते त्याला. तिने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. तिसऱ्यांदा वाचताना तिचेही ओठ हलत होते.

पत्र पदरात धरावे तसे एप्रनमध्ये धरून ती उठली. दाराशी वळली.

“तुमच्या विल्फ्रिडचंही काही लिहिलं होतं ना?”

मास्तरांनी टेबलावरच्या, वाक्य उतरवलेल्या कागदावर तळवा ठेवला.

“तसं खास काही नाही. गेला, एवढंच.”

हॅना परत आली. चिंध्या गुंडाळलेला हात तिने त्यांच्या बाहीवर ठेवला.

“घाबरलं असेल पोर. त्यात काय, मास्तर.”

मास्तर खिडकीतून समुद्राकडे बघत राहिले.

“हो,” शेवटी ते म्हणाले. “घाबरलं असेल.”

हॅना गेली नाही. खुर्ची ओढून ती त्यांच्याजवळ बसली.