चोर आणि पोलीस एकाच हातकडीत

मित्रांनो, मी एक जुनी हातकडी आहे. हातात घेतलंत तर आधी गार लागेन, मग जड. माझ्या दोन्ही कड्या आज कापलेल्या आहेत. त्या कशा कापल्या गेल्या, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने मला कानशीने घासून चकचकीत केलं, तेव्हा मला वाटलं, आपण कुणाचा तरी दागिना होणार. पण मला धाडलं हॉल्डरविक गावच्या पोलीस ठाण्यात. तिथे मी दारुडे धरले, कोंबडीचोर धरले. सर्वांत जास्त लक्षात राहिली ती ॲन. दोरीवर वाळत घातलेली शाल उचलली म्हणून त्या पोरीला शिक्षा झाली होती. एक कडी तिच्या हातात, दुसरी हवालदाराच्या. अशी दोघं तुरुंगापर्यंत चालत गेली. तिचा हात सोडावा असं मला फार वाटत होतं. पण मला आपणहून उघडता येत नाही. मला फक्त धरता येतं.

पुढे नव्या हातकड्या आल्या आणि माझी रवानगी हवालदाराच्या घरातल्या खणात झाली. किती वर्षं गेली कोण जाणे. मी गंजले. मग एके दिवशी हवालदाराच्या नातीने मला गावातल्या शाळेला देऊन टाकलं. शाळेत संगीत नाटक बसत होतं. त्या जुन्या काळातले गुन्हे, खटले आणि शिक्षा हाच त्याचा विषय. गाणी शाळेतल्या शिक्षिका थ्रेलफॉल बाईंनी स्वतः रचली होती.

चोर मुलीचं काम लोर्नाला मिळालं. तुरुंगातलं मोठं गाणं तिचंच. ते डॉन नावाच्या दुसऱ्या मुलीला हवं होतं. तिने सगळं गाणं पाठ केलं होतं, पण तिच्या वाट्याला आला मिशीवाला पोलीस. तालमीत डॉन लोर्नाला म्हणाली, "तुझा आवाज म्हणजे दाराची करकर." लोर्ना म्हणाली, "तुला मात्र मिशी शोभते हं." तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मला नुसतं अडकवायचं, कुलूप लागेल इतकं दाबायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण प्रयोगाच्या दिवशी अटकेच्या प्रवेशात डॉनने मला मुद्दाम दाबलं. आधी लोर्नाच्या मनगटावर, मग आपल्या.

"अगं, खरंच लागली," लोर्ना कुजबुजली.

"लागू दे. चोरच ना तू?"

मध्यंतरात बाईंनी किल्ली फिरवली. गंजामुळे ती माझ्या पोटातच तुटली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शाळेचे शिपाई, मिस्टर पिकल्स, करवत आणायला घरी धावले. बाई म्हणाल्या, प्रयोग थांबवू या. लोर्नाने मानेनेच नको म्हटलं. तिची आई गिरणीतून सुट्टी काढून आली होती, पहिल्यांदाच.

खटल्याच्या प्रवेशात चोर आणि पोलीस आरोपीच्या एकाच पिंजऱ्यात दाटीवाटीने उभे राहिले. लोक पोट धरून हसले. लोर्नाचं मनगट सुजत चाललं होतं आणि माझी कड तिला रुतत होती, ते फक्त मला कळत होतं.

मग कोठडीचा प्रवेश आला. तिथे लोर्नाने एकटीने गायचं होतं. डॉन तिच्या शेजारी प्रेक्षकांकडे पाठ करून बसली. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याला मनगटाच्या कळेने लोर्नाला शब्द आठवेनात. बाईंनी पियानोवर तीच ओळ पुन्हा वाजवली, मग पुन्हा.

डॉनला सगळं गाणं येत होतं. तोंड उघडलं असतं तर गाणं तिचं झालं असतं. तिने श्वास घेतलाही. मग वाकून ती लोर्नाच्या कानात पुढचे शब्द सांगू लागली, ओळीमागून ओळ. आणि माझा भार लोर्नाच्या मनगटावर पडू नये म्हणून तिने साखळी आपल्या मुठीत उचलून धरली. गाणं संपेपर्यंत तिने ती खाली सोडली नाही.

प्रयोगानंतर दोघी रंगमंचाच्या फळ्यांवर बसल्या. मिस्टर पिकल्स माझ्यावर करवत चालवू लागले.

"मीच दाबली होती," डॉन म्हणाली.

"माहितीये," लोर्ना म्हणाली. "आता हात हलवू नकोस, कापेल."

माझ्या दोन्ही कड्या कापल्या गेल्या. एवढ्या वर्षांत कुणाला सोडताना मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

आता मी रंगमंचाखालच्या पेटीत पडून आहे. आत काळोख आहे, झाकण जड आहे. तुटक्या किल्लीचा तुकडा अजून माझ्यात आहे. तो आता निघायचा नाही. मला तेल लावा, असंही मी म्हणत नाही. एवढंच मागते, मित्रांनो : रागाच्या भरात कुणाला अडकवायला निघालात, अगदी खेळात का होईना, तर आधी किल्ली फिरते का ते बघा. आमच्यासारख्यांना धरायला लावणं सोपं असतं. सोडायचं काम तुमचंच.