चौथी रेघ

मित्रांनो, मी एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला जुना व्हर्निअर कॅलिपर आहे. पोलादाचे दोन जबडे, एक लांब पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी एक छोटी पट्टी, एवढाच माझा संसार. वस्तू जबड्यांत धरायची आणि दोन्ही पट्ट्यांवरच्या रेघा कुठे जुळतात ते पाहायचं. मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप कळतं. जबडे असले तरी मला बोलता मात्र येत नाही. तोंडाचं काम माझ्या रेघाच करतात, आणि त्या कुणी नीट वाचल्या तरच.

तेलकट कागदात गुंडाळून मला इथे आणलं, तेव्हा सरांनी सगळ्यात आधी माझे जबडे मिटवले. शून्यासमोर शून्य आलं. सर खूश झाले. त्यांनी एका चिठ्ठीवर ‘त्रुटी नाही’ असं लिहून ती माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. कपाटातल्या माझ्या भावंडांपैकी एकाचे जबडे झिजलेले, दुसरा सरकताना अडखळणारा. त्यामुळे महत्त्वाचं मोजमाप असलं की सर म्हणायचे, “तो चिठ्ठीवाला आणा रे.” मला त्याचा फार अभिमान होता. त्यानंतर सोळा वर्षं माझे जबडे मिटवून पाहण्याची कुणाला गरज वाटली नाही.

शाळेत एक रीत होती. दहावीनंतर ज्यांना भौतिकशास्त्र घ्यायचं असेल, त्यांनी अर्ज घेऊन प्रयोगशाळेत यायचं आणि पोलादी गोळीचा व्यास तीनदा मोजून दाखवायचा. हात आणि नजर बरी वाटली, तर सर अर्जावर सही करत. गोळी दरवर्षी तीच. व्यास एक पूर्णांक नव्वद शतांश सेंटिमीटर. हे उत्तर थोरल्या भावाकडून धाकट्याला, ताईकडून शेजारणीला, असं केव्हाच सगळीकडे पोहोचलं होतं. सरांना तेवढं ठाऊक नव्हतं.

सोळाव्या वर्षी सुट्टीत साफसफाई करताना लॅबमामांच्या हातून मी बाकावरून फरशीवर पडलो. छोट्या पट्टीचे दोन स्क्रू ढिले झाले आणि पट्टी केसभर सरकली. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, अंदाजाने स्क्रू आवळले आणि मला पेटीत ठेवून दिलं. आता जबडे मिटले, तर शून्यासमोर शून्य येत नव्हतं. चौथी रेघ जुळत होती. प्रत्येक माप चार शतांश सेंटिमीटरने जास्त. मला ते कळत होतं. पेटीच्या अंधारात, त्या चिठ्ठीखाली, मी महिनाभर ते घेऊन पडून होतो.

निवडीच्या दिवशी अकरा जणांनी मला हाताळलं. काहींनी रेघांकडे पाहिल्यासारखं केलं, काहींनी तेही नाही. अकराही जणांनी १.९० लिहिलं आणि सह्या घेऊन गेले.

बारावा नंबर होता शिंप्याच्या मुलीचा. तिच्याबरोबर तिचे बाबा आले होते, गळ्यातली टेप काढायची विसरून. घरी महिनाभर वाद चालला असावा. कारण आल्या आल्या तिने बाबांना बजावलं, “आत्याला काय सांगायचं ते नंतर बघू. आधी मला मोजू द्या.”

“मोज ना बाई, मी कुठं हात धरलाय?” बाबा म्हणाले. “आत्याचं एवढंच म्हणणं, की फिजिक्स म्हणजे डोंगर. अर्ध्यात दम लागला तर खाली कोण आणणार?”

तिने मला उचललं. इतक्या हलक्या हाताने मला फार कमी जणांनी धरलं आहे. गोळी धरली, वाकली, एक डोळा मिटून रेघा पाहिल्या आणि लिहिलं, १.९४. पुन्हा मोजलं. १.९४. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारच्या बाकावरची मैत्रीण कुजबुजली, “अगं वेडे, नव्वद लिही! सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

“पण मला चौथी रेघ जुळलेली दिसतेय.”

“रेघेला काय कळतंय? सही महत्त्वाची.”

तिने आकडा बदलला नाही. सरांनी कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “बाळ, याच कॅलिपरने अकरा जणांना बरोबर उत्तर आलं. नजर तिरकी जात असेल. पुन्हा बघ.”

तिने पुन्हा पाहिलं. मी जे दाखवत होतो तेच ती वाचत होती, आणि मी चुकीचं दाखवत होतो. चौथ्यांदाही १.९४ आलं.

“साहेब,” बाबा चाचरत म्हणाले, “दुकानातली मापं हीच घेते. आजवर एक बाही आखूड झाली नाही हो.”

सर हसले. ते वाईट नव्हते. “कापडात अर्धा मिलिमीटर खपतो, इथे नाही खपत. आणि हा विषय मेहनतीपेक्षा नजर मागतो. उगाच दोन वर्षं रडेल पोरगी. मी नाही म्हणत नाही. तूच ठरव, बाळ.”

तिने मला हळूच बाकावर ठेवलं. मग पेन काढून तिने अर्जावरचा तो विषय खोडला. एकच रेघ, पट्टीने मारल्यासारखी सरळ.

“चल,” बाबा म्हणाले. वाद जिंकलेल्या माणसाचा आवाज तो नव्हता.

दोन महिन्यांनी अकरावीचा पहिला प्रयोग होता. नव्या मुलांना दाखवण्यासाठी सरांनी मला हातात घेतलं आणि सहज जबडे मिटवले. बोलता बोलता ते थांबले. मला खिडकीच्या उजेडात नेलं. मग त्यांनी मामांना हाक मारली.

“पडलं होतं, सर,” मामा मान खाली घालून म्हणाले. “सांगायचं राहून गेलं.”

सरांनी तिला दुसऱ्या वर्गातून बोलावून घेतलं. माझे मिटलेले जबडे तिच्यासमोर धरले. तिने वाकून पाहिलं.

“चौथी रेघ,” ती म्हणाली.

“तुझं वाचन बरोबर होतं. ज्यांनी नव्वद लिहिलं, त्यांनी पाहिलंच नव्हतं. चूक माझी झाली.” सर म्हणाले. “विषय बदलायची मुदत संपलीये. पण मी वर बोलतो, शब्द टाकतो. येशील?”

ती हळूच म्हणाली, “नको, सर. हल्ली दुकानातसुद्धा मी एक माप तीन-तीनदा घेते. बाबा ओरडतात. तरी खात्री वाटत नाही.”

ती गेल्यावर सरांनी बारीक पेचकस आणला, स्क्रू सैल केले आणि शून्यासमोर शून्य आणून पुन्हा आवळले. पाच मिनिटांत मी पहिल्यासारखा झालो. त्या मुलीसाठी मात्र तसा पेचकस कुणाजवळ नव्हता.

मित्रांनो, मोजण्याआधी माझे जबडे एकदा मिटवून पाहत जा. माझं कितीही नाव असो, पाहत जा. आणि तुमच्यातल्या कुणा एकाचं उत्तर सगळ्यांहून वेगळं आलं, तर त्याच्या डोळ्यांना दोष देण्याआधी मला तपासा. अर्धं मिनिटही लागत नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांकडे वेळ होता, आणि मी तिच्या हातात होतो.