खाजाभाईंचा अबोला

कॉम्प्युटर वाजायला लागला तेव्हा बाहेरच्या खोलीत खाजाभाईंशिवाय कोणी नव्हतं. आत पडद्यामागे बायका त्यांच्या बायकोला, मेहरुन्निसाला, शेवटची आंघोळ घालत होत्या. लेक फलकही तिथेच होती. दर शुक्रवारी याच वेळेला दम्मामहून मुलाचा, अबरारचा कॉल यायचा, तसा आजही आला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. रात्रपाळीनंतर मोबाइल बंद करून झोपायची त्याची सवय. फलकनं पहाटेपासून कितीदा लावला, लागलाच नाही.

खाजाभाईंनी या मुलाशी चार वर्षांपासून अबोला धरला होता. अंबडच्या गाळ्यातलं आपलं लेथ मशीन पोरानं सांभाळावं, एवढीच त्यांची इच्छा. पोरानं गुपचूप पासपोर्ट काढला आणि सौदी गाठली. झालं. खाजाभाई मूळचे सिन्नरकडचे, आणि एकदा हट्टाला पेटले की समजूत घालणाऱ्यानं थकून घरी जावं असे.

पुढे फलकच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर आला. त्यावरून परदेशात फुकट बोलता येतं हे कळल्यावर मेहरुन्निसाचा प्रत्येक शुक्रवार सणासारखा झाला. टेबलावरच्या छोट्या माइकपाशी तोंड नेऊन ती बोलायची. हेडफोन मात्र तिनं कधी लावला नाही, स्पीकरच चालू ठेवायची. खाजाभाई कॉम्प्युटरकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. पेपर पुष्कळदा कालचा असायचा. "जेवला का रं?" असं तिनं विचारलं की हे जिवाचा कान करून उत्तर ऐकायचे, आणि कॉल संपला की म्हणायचे, "झाली का तुमची बडबड?" ती नुसती हसायची.

रिंग थांबेना. फलकला हिरवं बटण दाबताना त्यांनी तिरक्या नजरेनं कैकदा पाहिलं होतं. त्यांनी ते दाबलं.

"अम्मा!" खोली भरून आवाज आला. "आज लय येळ लावला उचलायला?"

खाजाभाईंनी माइक जवळ ओढला आणि परत मागे सारला.

"आवाज येत नाय वाटतं तुझा. बरं, तू ऐक नुसतं. अब्बा बसलेत ना पेपर घेऊन? मग स्पीकर वाढव जरा. मी ईदला येतोय. त्यांना एकट्याला मशीन झेपत नसंल आता. दोन महिने गाळ्यावर बसतो त्यांच्यासंगं. त्यांना सांगू नको हां!" आणि तो हसला.

म्हणजे मायलेकांना सगळं ठाऊक होतं. इतके शुक्रवार हा पोरगा आईच्या नावानं त्यांच्याशीच बोलत आला होता. खाजाभाईंना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. ते माइकवर वाकले.

"अबरार."

"अब्बा?" पोरगा आनंदानं ओरडलाच. "अब्बा, तुम्ही बोलला!"

मग त्याचा आवाज एकदम खाली आला. अम्मा घरात असताना अब्बा कॉल उचलतील, असं होणार नव्हतं.

"अम्मा कुठं हाय?"

"पहाटे गेली रे. झोपंतच. तरास नाय झाला तिला."

पलीकडे अबरार लहान पोरासारखा रडू लागला. आवाज ऐकून फलक ओल्या हातांनी बाहेर आली, माइककडे झेपावली. खाजाभाईंनी तिला थांबवलं.

"राहू दे. मी बोलतो त्याच्याशी."

ते बोलत राहिले. काय बोलावं ते सुचत नव्हतं, तरी बोलले. जनाजा सजला, माणसं दारात जमली, तेव्हा अबरार म्हणाला, "अब्बा, कट नका करू. तिला नेताना मला ऐकू द्या."

वायर पुरेल तिथपर्यंत खाजाभाईंनी टेबल दाराकडे ओढलं. माइकचं तोंड गल्लीकडे केलं. मग खाली वाकून त्यांनी बायकोला खांदा दिला. लोकांनी कलमा म्हणायला सुरुवात केली, आणि मागे रिकाम्या खोलीतून अबरारही म्हणू लागला. लोक आपल्या चालीनं पुढे निघाले होते. आयुष्यात कुणासाठी न थांबलेले खाजाभाई मात्र मागचा आवाज सुटू नये म्हणून पावलं हळूहळू टाकत होते.