न झोपणारी गाडी

ताईच्या गाडीची बॅटरी पुन्हा उतरली तेव्हा भाच्याने गाडीचे नव्हे, ताईचे निदान केले.

"दिवे चालू ठेवून जाते ती," तो मला फोनवर म्हणाला. "धाकटी आत्या, तू पोथ्यांत बुडालेली असतेस, म्हणून तुला दिसत नाही. मोठ्या आत्याच्या लक्षात राहत नाही आता. आपण हे मान्य करायला हवं."

या 'आपण'मध्ये माझी भरती केव्हा झाली, हे मला कुणी कळवले नव्हते.

ताई माझी थोरली बहीण. तिने हयातभर माणसांची पोटे उघडून पुन्हा नीट शिवली आणि एकाही पोटात कात्री विसरली नाही. निवृत्तीनंतर तिने शहराबाहेर टेकडीवर घर घेतले. तिथे बस येत नाही, आणि टॅक्सीवाले पत्ता ऐकूनच दुसऱ्या भाड्याला निघतात. म्हणून ही गाडी. घेतली तेव्हाही ती जुनीच होती. पण एके काळी असल्या गाडीतून फक्त मोठे लोक उतरत, आणि तेही कुणीतरी दार उघडल्यावर. गडद निळा रंग, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, स्प्रिंगांऐवजी हवेच्या उशांवर तोललेले अंग. गाडी आहे तोवर ते घर आहे. भाच्याला हे गणित पाठ होते. येत्या रविवारी तो चहाला येणार, चावी ताब्यात घेणार, गाडी भंगारात देणार आणि ताईला स्वतःच्या घराजवळच्या एका सदनिकेत हलवणार. सदनिकेला 'देखरेखीची सोय' होती. तुरुंगालाही असते.

मी जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करत आले. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर ठेवायच्या आणि कोणता शब्द कर्त्याचा, कोणता नकलकाराच्या डुलकीचा आणि कोणता कुणा अतिशहाण्याने मागाहून घुसडलेला, हे ठरवायचे. या कामाने मला एक सवय लावली आहे: दोष नेमका कुठे आहे हे सापडेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. भाच्याने नेमलेला मिस्त्री याच्या थेट उलट पंथाचा होता. त्याने आधी बॅटरी बदलली. मग बॅटरी भरणारा अल्टरनेटर बदलला. आता त्याची नजर हवेच्या उशांच्या पंपावर होती. अंदाजाने सुधारणा करत सुटणारे संपादक मी पाहिले आहेत. त्यांचे सत्कार होतात. मिस्त्रीचे हात निदान तेलाने तरी माखलेले होते.

मी विजेचे मापनयंत्र, एक बॅटरी आणि पेचकसांची पेटी घेऊन टेकडीवर पोचले. ताई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून सफरचंद सोलत होती. साल अखंड उतरत होती.

"चावी जप्त करायला पुढे पाठवलंय का तुला?"

"तपास करायला आलेय."

"कुणाचा?"

"गाडीचा."

"मग बस. माझा तपास करणारे ढीगभर झालेत." तिने फोड पुढे केली. "परवा तुझा भाचा मला विचारत होता, आज वार कोणता. मी म्हटलं, तुला कशाला हवाय, कुठं जायचंय?"

आम्ही हसलो. ताईचे हसणे अर्ध्यावर थांबले. तिने सुरी खाली ठेवली.

"एक सांगते, पण त्याला सांगू नकोस. मध्यंतरी मी नदीकाठी जाऊन बसले होते गाडीत. अशीच. त्याचा फोन आला, 'आत्या, नदीवर अर्धा तास काय करत होतीस?' आता, मी हे कुणाला बोलले नव्हते, असं मला वाटतंय. म्हणजे त्याला सांगितलं असणार आणि विसरले. एकदा झालं तर ठीक. चारदा झालंय. मी कुठं गेले ते त्याला माहीत असतं, आणि सांगितल्याचं मला आठवत नाही."

"म्हणून तू गप्प आहेस?"

"दिवे मी बंद करते. शपथेवर सांगेन. पण सांगितलेलं आठवत नसेल, तर बंद केल्याची शपथ कुठल्या तोंडाने घेऊ?"

माझ्या ताईच्या तोंडी मी पहिल्यांदाच भीती ऐकली. मला राग येतो तेव्हा मी फार सभ्य होते. मी सभ्यपणे उठले, हात धुतले आणि चावी मागितली.

जुन्या ऐटदार गाड्यांची दुखणी मोठ्या घराण्यांच्या दुखण्यांसारखी असतात: बाहेरून काही कळू द्यायचे नाही. छताचे कापड आतून सुटते आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर छत्र धरते. हवेची उशी कुठेतरी बारीक चिरते आणि सकाळी गाडीचा एक कोपरा जमिनीला टेकलेला दिसतो. दिव्याच्या रबरातून पाणी झिरपते आणि डिकीच्या तळाशी डबके साचते. असे डबके नेमके तिथे का घातक, तर या गाड्यांची बॅटरी पुढे नसून मागे, डिकीच्या तळातच असते. मी आधी तळ पाहिला. कोरडा होता. तारांवरचे वेष्टण ठिसूळ झाले होते, पण कुठे उघडे पडले नव्हते. मिस्त्रीने आदल्या दिवशी भरून दिलेली बॅटरी नवी आणि निर्दोष होती. माझी आणलेली मी बाजूला ठेवली. म्हणजे बॅटरीत जेवढे भरले जात होते तेवढे, गाडी उभी असताना, कुणीतरी पीत होते.

असल्या गाडीत लहानमोठे पुष्कळ मेंदू असतात: दारांचा वेगळा, खुर्च्यांचा वेगळा, हवेचा वेगळा. कुलूप लागले की ते थोड्या वेळाने एकेक करून झोपतात. झोपेत गाडी नावापुरती वीज घेते. एक जरी जागा राहिला तरी तो बाकीच्यांना हलवत बसतो, आणि तीन-चार दिवसांत बॅटरीचा जीव जातो.

मी बॅटरीच्या तारेत मापनयंत्र जोडले, डिकीशी खुर्ची टाकून बसले आणि आकडा उतरण्याची वाट पाहू लागले. तो उतरेना. ताई खिडकीतून माझ्याकडे पाहत होती.

"काय म्हणतोय पेशंट?"

"टक्क जागा आहे."

"तू डिकी उघडी टाकून समोर बसलीयेस. माझ्याही खोलीत दिवा लावून तू उशाशी बसलीस तर मी झोपेन का?"

ती बरोबर बोलत होती. डिकी उघडी आहे तोवर गाडीला मालक जवळ असल्याचे वाटते आणि ती अदबीने जागी राहते. झोपेची परीक्षा मी झोपमोड करून घेत होते. पोथी वाचता वाचता तिच्यावर स्वतःच शाईचा डाग पाडावा आणि मग त्या डागावर टीप लिहावी, त्यातला हा प्रकार. मी पेचकसाने डिकीच्या कुलपाची जीभ दाबून मिटवली, त्यामुळे झाकण वर असूनही गाडीला ते बंद वाटले. फ्यूजची पेटी पुढे, डॅशबोर्डच्या टोकाला असते, म्हणून पुढच्या दाराच्या कुलपालाही तसेच फसवले. बाहेरून कुलूप लावले. चावी जवळ असली तरी ही गाडी जागते, म्हणून ती ताईकडे दिली; तिने ती स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि वर झाकण लावले.

आता आकडा पायरीपायरीने उतरला आणि तळाला गेला. मी समाधानाने पाय लांब करते तोच तो उसळून वर आला. पुन्हा उतरला. पुन्हा उसळला. घोरणाऱ्याला कुणीतरी ठरावीक वेळाने कोपराने ढोसावे तसे चालले होते.

"काहीतरी उठवतंय तिला," मी म्हणाले.

"काय?"

"ते विचारतेय."

मी एकेक फ्यूज काढू लागले. खुर्च्यांचा काढला: उसळी कायम. रेडिओचा: कायम. मिस्त्रीच्या आवडत्या पंपाचा: कायम, आणि त्याची मला थोडी गंमत वाटली. मग सिगारेट पेटवण्याच्या खाचेचा फ्यूज काढला. आकडा तळाला गेला आणि तिथेच राहिला. मी वाट पाहिली. ताईने चहा आणून दिला, तो प्यायले, तरी आकडा हलला नाही.

ताईने सिगारेट सोडली तेव्हा भाचा शाळेतही जात नव्हता. त्या खाचेत राखसुद्धा नव्हती. पण गाडीची हस्तपुस्तिका मी आदल्या आठवड्यात प्रस्तावनेपासून वाचली होती. त्याच फ्यूजवर आणखी एक जागा चालते: स्टिअरिंगखाली, गुडघ्यांच्या वर, जिथे मिस्त्री लोक गाडीची नाडी तपासायला यंत्र जोडतात. मी उताणी झाले, डोके पायदानापाशी घातले आणि वर पाहिले. काडेपेटीएवढी काळी डबी तिथे घट्ट बसलेली होती. फ्यूज परत लावताच तिच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकला.

मी ती उपटली आणि ताईच्या तळहातावर ठेवली.

"हे तुझं?"

तिने चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. "माझ्या गाडीत काय आहे ते मला माहीत आहे. हे नाही. काय आहे?"

"गाडी कुठे आहे ते हे कळवतं. आकाशातून जागा शोधतं आणि फोनवर पाठवतं. गाडी झोपली की तिला उठवून विचारतं, अजून इथेच ना? दिवसरात्र."

ताईने डबीवर अंगठा ठेवला, गाठ लागते का पाहावे तसा.

"म्हणजे नदी," ती म्हणाली.

"नदी."

"मी त्याला सांगितलं नव्हतं."

"एकदाही नाही."

ती पायरीवर बसली आणि टेकडीखालच्या रस्त्याकडे पाहू लागली. तिच्या पाठीचा कणा हळूहळू सरळ होताना मला दिसला. मग ती उठली, गाडीत जाऊन बसली आणि दारावरची बटणे दाबू लागली. या गाडीची खुर्ची चालवणाऱ्याची बैठक लक्षात ठेवते: उंची, पाठीचा कल, आरशांचे कोन. बॅटरी मेली की सारे विसरते. ताईने जराही न अडखळता खुर्ची वर घेतली, पुढे सरकवली, आरसे वळवले आणि बटण दाबून धरले.

"दर वेळी मीच हिला पुन्हा शिकवते," ती म्हणाली. "आणि विसराळू कोण, तर मी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाचा.

"आत्या, सगळं ठीक ना? गाडी जागेवर आहे ना?"

"का रे? कुठे जाईल?"

"नाही, सहज. आठवण आली म्हणून."

"रविवारी ये," ताई म्हणाली. "मिस्त्रींनाही आण."

रविवारपर्यंत गाडी कुणी हलवली नाही. तीही झोपली, आणि ताईच्या सांगण्यावरून कळते की ताईही.

भाचा आला तो हसतमुख, मिस्त्रीला घेऊन. मिस्त्री दारातच म्हणाला, "बाई, बॅटरी उतरलीच असणार. दुसऱ्या गाडीवरून चालू करायला तारा आणल्यात मी."

"बसा, चहा घ्या," ताई म्हणाली. किटलीशेजारी, बिस्किटांच्या ताटलीत, ती डबी होती.

भाच्याच्या चेहऱ्यावरचे हसू जिथल्या तिथे गोठले. मिस्त्रीने डबी ओळखली आणि मान डोलावली. "हे लावलं होतं होय? मग जुन्या गाडीत बॅटरी राहणारच नाही. मला आधी सांगायचं ना, साहेब."

"तुम्ही विचारलं होतंत?" मी म्हणाले. "का थेट पंपापर्यंत पोचलात?"

मिस्त्रीने बिस्कीट उचलले.

"मी काळजीपोटी लावलं," भाचा म्हणाला. "एकटी फिरतेस तू. काही झालं तर? गाडीवर परिणाम होईल हे मला खरंच माहीत नव्हतं, आत्या."

"ते पटतं मला," मी म्हणाले. "तुला गाडीतलं काही कळत नाही. पण नदीचं तुला कळलं होतं. ती स्वतःला विसराळू समजू लागली, हे तुला दिसत होतं. तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर पुरलं असतं. तू नाही बोललास, कारण तिचा गोंधळ तुझ्या सोयीचा होता. मूळ मजकुरात दोष नव्हता, बाळ. तू मागाहून घुसडलेलं तेवढं चुकीचं होतं."

"धाकटे, पुरे," ताई म्हणाली. "व्याख्यान नको. चल रे, ऊठ."

"कुठे?"

"मी कुठे जाते ते बघायचंय ना तुला? मागे बस. पट्टा लाव."

मी पुढे तिच्या शेजारी बसले आणि तिने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच दमात बोलले. हवेच्या उशा भरल्या आणि गाडी, खुर्चीवरून कुणी वडीलधारे उठावे तशी, सावकाश वर आली. मिस्त्री तारा हातात घेऊन अंगणात उभा राहिला. वाटेत भाच्याने एकदाच, "आत्या, इथे डावीकडे," असे म्हटले. ताई उजवीकडे वळली. रस्ता तिचा होता.

नदीकाठी तिने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केले. आरशात मला दिसले, भाच्याने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"इथे काय करतेस तू?" त्याने अखेर विचारले.

"काही नाही. पाणी बघते."

"एवढंच?"

"एवढंच. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

आम्ही तिघेही पाणी पाहत बसलो. छताचे सुटलेले कापड भाच्याच्या केसांवर टेकले होते आणि तो ते बाजूला करत नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "दिवे चालू राहिलेत, आत्या."

"मुद्दाम ठेवलेत," ताई म्हणाली. "बघूया नवी बॅटरी किती दम धरते."

तिला हवे तेवढे पाणी पाहून झाल्यावर तिने दिवे मालवले, चावी फिरवली आणि आम्हाला घरी घेऊन आली.