तानामावशींनी धुतलेले दगड

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अनुजाबाई शाळेत आल्या, तर मैदानात ताडपत्रीवर दगड वाळत घातलेले. पांढरेशुभ्र, पापडांसारखे. शेजारी बादलीत मुळांसकट उपटलेल्या कर्दळी.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "तानामावशी, हे दगड कुठले?"

"आपल्याच खड्ड्यातलं की." शाळेचा आहार शिजवणाऱ्या तानाबाई पदराला हात पुसत आल्या. "दसऱ्याची धुणी काढली. घरच्या वाकळा धुतल्या, म्हटलं शाळंचं तेवढं घाण कशाला? कसली बुळबुळ हुती, बाई. दोन डबं ब्लिचिंग लागलं."

वर्षभर स्वयंपाकाचं खरकटं पाणी खड्ड्यातल्या त्या दगडांतून, कर्दळीच्या मुळांतून झिरपून निवळ व्हायचं आणि मग ओढ्याला मिळायचं. खरी मेहनत त्या बुळबुळीची. तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खायचे. बाईंनी हे मुलांना फळ्यावर चित्र काढून तीनदा शिकवलं होतं. तानाबाईंना एकदाही नाही.

आणि शाळा समितीचे अध्यक्ष गणपतराव सांगून बसलेले, एकदा जरी वास आला तर खड्डा बुजवून फरशी घालणार. पाणी जाईल सरळ ओढ्यात, पूर्वी जायचंच की.

"मावशी, तुमचं विरजणाचं गाडगं कुणी राखेनं घासून उन्हात पालथं घातलं तर?"

"हात मोडीन त्येचं."

"मग?"

तानाबाईंनी ताडपत्रीवरचा एक दगड उचलला. "दह्यागत हाय व्हय ते? मग आदी सांगायचं न्हाई? रोज खरकटं मीच वततोय तितं."

दगड खाली ठेवून तानाबाई ओशाळून पुटपुटल्या, "आनि सगळं झालंबी न्हाई. कोपऱ्यातलं दोन पाट्या दगड तसंच ऱ्हायलं. ब्लिचिंग संपलं."

बाई धावतच खड्ड्याच्या कोपऱ्याशी गेल्या. दोन पाट्या भरतील एवढे काळे, ओले, बुळबुळीत दगड. इतकी घाण बघून एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

धुतलेले दगड साध्या पाण्यानं चार वेळा खंगाळून परत भरले, त्यांत हे मिसळले, कर्दळी लावल्या. तरी चौथ्या दिवशी वास आलाच. गणपतराव नाकाला रुमाल लावून हजर.

"बाई, काय ठरलं होतं आपलं?"

बाई तोंड उघडणार, तोच पळी हातात घेऊन तानाबाई बाहेर आल्या. "चूक माजी हाय, अध्यक्ष. नवं इरजान लावलंय. लागूस्तवर जरा दम धरा की. निम्मं पाणी मी बादलीनं उकिरड्यात नेऊन वततो."

"किती दिवस?"

"दिवाळीपतोर."

"त्यानंतर एक दिवस न्हाई," गणपतराव म्हणाले.

तानाबाईंनी रोज वीस-वीस बादल्या वाहिल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी खड्ड्याच्या पलीकडून पेलाभर पाणी घेतलं. निवळ. हुंगलं. वास नाही. गणपतरावांना फोन करून त्या मागं वळल्या, तर तानाबाई ओल्या फडक्यानं कर्दळीचं एकेक पान पुसत होत्या.

"मावशी..."

"अध्यक्ष येणार न्हवं? नुसतं पाणी हाय, बाई. ब्लिचिंग न्हाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "पुसा," त्या म्हणाल्या. "पण दगडांना हात लावू नका."