आवडीच्या नावाचं पेर

पोलीस पाटील, तुम्ही त्या दुपारी भगताच्या मांडीला मांडी लावून बसला होतात. सरकारी पट्टा घालून! नाही म्हणू नका, अख्ख्या पाड्याने पाहिलंय.

बदलापूरपलीकडचा बारवीकाठचा पाडा. वासरं पटापट मरू लागली, म्हणून तुम्ही हरिचंद्र भगताला बोलावणं धाडलंत. धुनी पेटली, भोवती माणूस मावेना. भगतापुढे हिरव्या बांबूची पेरं, प्रत्येकाला शेंदराचा टिळा. एकेका बाईचं नाव घ्यायचं नि पेर आगीत टाकायचं.

"जिचं पेर बोंबलंल ती चेटकीण! देवी झूट बोलत नाय!"

जिवलीचं पेर नुसतं फुसफुसलं. वेणूबाईचंही तसंच. आवडीचं नाव घेतलं आणि धाड्‌दिशी बार उडाला!

"हीच ती! हाकला हिला!" गर्दीतला जनू ओरडला. "खोपट मोडा हिचं!"

आवडीला नवरा नाही, पोर नाही. होतं ते एवढं एक खोपट. ती घाबरली, पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"अरं, हिरवा बांबू जाळात फुटतोच! गेल्या पावसात मी चुलीत घातलाय."

झालं! वेणूबाई कडाडली, "बांबू जाळतेस? वंश बुडतो, ठाव नाय तुला?"

"माजा कुठला वंश बुडायचा राह्यलाय गो, मावशे?"

"बघा, आपल्या तोंडानं कबूल झाली!" भगत खूश.

बांबू चुलीत घालायचा नाही, ही पाड्याची रीत. म्हणूनच तो फुटताना कुणी ऐकला नव्हता. एका खुळाच्या वळचणीला दुसरं खूळ सुखात नांदत होतं!

आवडीने कोयता उचलला. भगतानेच आणवलेला अख्खा बांबू कुडाला टेकून होता. कोयत्याने तिने दोन्ही गाठींसकट एक पेर तोडलं.

"हे हरिचंद्र भगताच्या नावाचं!"

धाड्! निखारे भगताच्या धोतरावर. तो टुणकन उडाला.

"अगो बाय," जिवली म्हणाली, "भगतच चेटकीण!"

आवडीने भगताची उरलेली पेरं ओढून शेंदूर खरवडला. प्रत्येक टिळ्याखाली भोक! शेंदूर तेलात कालवलेला. जाळ लागला की ओघळतो, भोक मोकळं होतं, वाफ फुस्स करून निघून जाते. आवडीचं पेर तेवढं बिनभोकाचं. वाफ कोंडली, पेर फुटलं. भाताच्या मडक्यावरचं झाकण उडवते तीच ही वाफ. आणि नाव आवडीचंच का? एकट्या बाईच्या पाठीशी कोण उभं राहतंय!

लोकहो, देव सोडा म्हणत नाही. पण बाईला चेटकीण म्हणण्याआधी एक पेर स्वतःच्या हाताने जाळून पाहा.

भगत पळाला. तरी संध्याकाळी जनूने खोपट मोडलंच. म्हणे, "भगत खोटा असंल, पण बाई बांबू जाळते!" आवडी आता वांगणीला भावाच्या पडवीत पडते. वासरं अजून मरतातच.

पाटील, गुरांच्या डॉक्टराला वर्दी द्यायची सोडून तुम्ही भगताला आवतण दिलंत. त्याचं ढोंग तुमच्या डोळ्यांदेखत उघडं पडलं. मग तिचं खोपट मोडलं जात असताना तुम्ही दार लावून का बसलात?

उत्तर द्या.