न गेलेला माणूस

“जरा मागे या, काका. तिथून अक्षरं तिरकी दिसतात,” पेंटर शिडीवरून म्हणाला.

खिळा चार पावलं मागे सरकला. फुटबॉलच्या मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडच्या भिंतीवर खडूने त्याचं नाव आखलेलं होतं. खरं नाव, जे एरवी फक्त पगाराच्या चिठ्ठीवर दिसायचं. बचावफळीत मधोमध रुतून उभा राहायचा म्हणून सगळं गाव त्याला खिळाच म्हणे. नावाखाली लहान अक्षरांत एक ओळ होती: ‘मोठ्या क्लबने बोलावलं, पण हा गेला नाही.’

“कशी आहे ओळ?” क्लबच्या सेक्रेटरीने विचारलं. “मीच सुचवली. कमिटीत कुणी हूं का चूं केलं नाही.”

“ओळ कशाला? नाव पुरे की.”

“वा! ओळीसाठीच तर हा सगळा खटाटोप. तुम्ही सतरा वर्षांत गोल किती मारलेत?”

“एक.”

“आणि आपल्याच जाळ्यात मारलेला?” पेंटरने वरून विचारलं.

“तो धरूनच एक.”

पेंटर इतका हसला की शिडी हलली. सेक्रेटरी मात्र गंभीर होता. “तेच म्हणतोय मी. गोल मारणारे ढीगभर आले आणि गेले. लेजंड म्हणायचं ते राहणाऱ्याला. येत्या रविवारी मॅचआधी भिंगरीला इथे उभा करणार आणि सगळ्यांसमोर ही ओळ मोठ्याने वाचायला लावणार. वाचताना जीभ अडखळली पाहिजे त्याची.”

भिंगरी म्हणजे क्लबचा सध्याचा स्ट्रायकर. टायरच्या दुकानात काम करणारा, नुकतंच लग्न झालेला. त्याला त्याच मोठ्या क्लबचं पत्र आलं होतं आणि रविवारच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं.

खिळ्याने खिशात हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. मग घराकडे निघाला.

घरी त्याचं कशात लक्ष लागेना. जेवताना मध्येच उठला, नळ बंद आहे का ते पाहून आला. खिडकी लावली, उघडली.

“अहो, दार तिसऱ्यांदा उघडून बघताय,” बायको म्हणाली. “कोण यायचंय?”

“कोणी नाही.”

“मग ते ‘कोणी नाही’ एकदाचं आत तरी घ्या आणि दार लावा.”

त्याने तिला ओळीचं सांगितलं. ती ताटं उचलता उचलता थांबली. गावात खरी हकीकत ठाऊक असलेली ती एकटीच होती.

खेळायला लागून सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मोठ्या क्लबने खिळ्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. इथे बायकोने भांडी कागदात गुंडाळून ठेवली, घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी तिथला प्रशिक्षक म्हणाला, “डोकं चांगलं लावतोस बॉलला. पण वळायला फार वेळ घेतोस. नको.” बस. खिळा संध्याकाळच्या गाडीने परतला. स्टेशनवर कॅप्टन आणि टीममधले पाच-सात जण उभे. त्याला पिशवीसकट उतरताना पाहून कॅप्टनने आरोळी ठोकली, “आला रे आला! मोठ्या क्लबला लाथ मारून आला!” खिळ्याने सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. खांद्यावर बसलेल्या माणसाला खरं बोलणं जड जातं. दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता, आठवड्याने जास्त उशीर झाला, आणि दहा वर्षांनी तर ती गोष्ट त्याची राहिलीच नव्हती. कॅप्टनची झाली होती, स्टँडमधल्या लोकांची झाली होती. आताचा सेक्रेटरी हा त्या कॅप्टनचाच मुलगा.

“पण पुढची अकरा वर्षं खेळलात, ते तरी खोटं नाही ना?” बायको म्हणाली.

“पहिली सहा खेळलो तेव्हा जायचं होतं. नंतरची अकरा खेळलो तेव्हा जाता येत नव्हतं. यात राहिलो कुठे मी?”

“मला विचारू नका. मी भांडी गुंडाळली आणि पुन्हा सोडली. मला नाही कुणी खांद्यावर घेतलं.” ती हसत म्हणाली खरी, पण ताटं जरा जोरातच आपटली.

दुसऱ्या दिवशी खिळा नेहमीसारखा कामावर गेला. तो लिफ्टचा मेकॅनिक. हॉस्पिटलची जुनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकत होती, म्हणून गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत तो सकाळपासून खटपट करत होता. एकच नट त्याने दोनदा घट्ट केला, मग सैल केला. तेवढ्यात दारात भिंगरी येऊन उभा राहिला, जिना चढून धापा टाकत.

“लिफ्टने का नाही आलास?”

“तुम्हीच बंद केलीय ना, काका!”

दोघं हसले. भिंगरी उंबऱ्यावर बसला आणि लगेच उठला. “सेक्रेटरीसाहेब म्हणाले, काकांना भेट. त्यांनी त्या क्लबची तीन पत्रं फाडली म्हणाले. बायको म्हणते जाऊ या. मलाही जायचंय. पण ती भिंत पाहून आलो आणि रात्रभर तळमळलो. गेलो तर मी काय, चोर ठरणार? तुम्हाला कसं जमलं नाही म्हणणं?”

खिळ्याने बटण दाबलं. मोटर घरघरत सुरू झाली, दोर सरकू लागले. एवढ्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, आणि त्याला ते बरंच वाटलं. पण लिफ्ट काही जन्मभर चालत नाही. ती तळाला पोचली, आवाज थांबला, आणि भिंगरी तिथेच उभा होता.

“मी नाही म्हटलं नाही,” खिळा म्हणाला. “त्यांनी म्हटलं.”

“म्हणजे?”

“मला घेतलं नाही त्यांनी. पत्र एकच आलं होतं, तेही चाचणीचं. मी आनंदाने गेलो होतो.”

भिंगरीला आधी हसू आलं, मग ते चेहऱ्यावरच विरलं. “आणि हे इतकी वर्षं...”

“हो. इतकी वर्षं.”

भिंगरीने हळूच विचारलं, “परत आल्यावर काय केलंत मग?”

“मंगळवारी आलो होतो. बुधवारी सराव असतो.”

“गेलात?”

“जाऊ नको तर काय करू? बुधवार होता.”

“मला नसतं जमलं,” भिंगरी म्हणाला.

“तू जा किंवा राहा, ते तुझं तू ठरव. पण माझ्या भिंतीला भिऊन राहू नकोस. तिच्यात दम नाही.”

तो गेल्यावर खिळ्याने हात पुसले आणि तसाच, ग्रीसने माखलेल्या कपड्यांत, सेक्रेटरीच्या चष्म्याच्या दुकानात गेला. उद्यावर टाकलं तर पुन्हा राहून जाईल, एवढं त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. सेक्रेटरी एका फ्रेमचा स्क्रू बसवत होता. खिळ्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शेवटी हेही सांगितलं, की भिंगरीला आधीच बोललोय.

सेक्रेटरीने फ्रेम खाली ठेवली. “बाबा शेवटच्या आजारपणातसुद्धा ही गोष्ट सांगायचे. त्यांना माहीत होतं?”

“त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

“मग आत्ताच कशी खाज सुटली तुम्हाला? दोन दिवस थांबला असतात तर? तो पोरगा गेला तर गोल कोण मारणार, तुम्ही?” त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. तो काच पुसत राहिला. “बरं. रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलू. भिंतीचं नंतर बघू.”

खिळ्याने मान हलवली. ‘नंतर’ म्हणजे काय ते त्याला कळत होतं. शनिवारी पेंटरने भिंतीवर पुन्हा चुन्याचा हात फिरवला आणि दुपारच्या गाडीने भिंगरी बायकोला घेऊन गेला.

रविवारी जावं की न जावं, या विचारात खिळ्याने एक पायमोजा घालून अर्धा तास काढला. मग गेला. भिंतीकडे त्याने पाहिलं नाही. वरच्या तिसऱ्या रांगेत, दरवेळच्या जागेवर, गोदामातला हमाल आणि एक निवृत्त मास्तर यांच्यामध्ये बसला. त्यांना काही कळलं होतं का, कोण जाणे. मास्तरांनी जरा सरकून घेतलं, एवढंच.

मॅच वाईट चालली होती. पुढे भिंगरी नाही, त्यामुळे चेंडू सारखा आपल्याच गोलसमोर. खिळ्याचे पाय बाकाखाली डावी-उजवीकडे होत होते, ओठांतल्या ओठांत “मागे ये, अरे मागे” चाललं होतं. हमालाने नुकताच चहा घेतला होता आणि ग्लास दोघांच्या मधोमध बाकावर ठेवला होता.

मग उजव्या कोपऱ्यातून एक उंच चेंडू आत आला. खिळ्याची मान ताठ झाली, खांदे वर आले. हमालाने मैदानावरची नजर न काढता हात खाली नेला आणि चहाचा ग्लास उचलून पलीकडे ठेवला. तोवर खिळा बाकावरून उठला होता, आणि रिकाम्या हवेत, पूर्ण ताकदीनिशी, त्याने डोकं हाणलं.